पंगत कुणाची, गल्ला कुणाचा?

मुंबईत महालक्ष्मीला, लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात 'मास्क' नावाचे रेस्टॉरंट आहे. 2016 साली सुरू झालेले हे रेस्टॉरंट आशियातील पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत अनेकदा आले आणि 'भारतातील सर्वोत्तम' म्हणूनही त्याचा गौरव झाला. तिथून जवळच लोअर परळच्या कमला मिलमध्ये 2015 पासून 'द बॉम्बे कॅन्टीन' आहे. दोघांची कीर्ती साधारण एकाच कारणासाठी: रानभाज्या, भरडधान्ये, प्रांताप्रांतातले विस्मरणात गेलेले पदार्थ नव्या रूपात ताटात आणणे. पंचतारांकित जेवण म्हणजे परदेशी जेवण, हा समज यांनी मोडला. हे आम्ही मान्य करतो. नाचणीला मान मिळाला तर आम्हाला दुःख का व्हावे?

प्रश्न पुढचा आहे. 'भारतीय स्वयंपाकघर' म्हणताना नेमके कुणाचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे असते? अशा रेस्टॉरंटांविषयीच्या मुलाखती आणि परीक्षणे वाचून पाहा. पाठारे प्रभू, सीकेपी, सारस्वत, पारशी, बोहरी, ईस्ट इंडियन, काश्मिरी पंडित अशी समाजांची नावे अभिमानाने घेतली जातात. त्या त्या समाजाची आजीही येते, तिचा मसाल्याचा डबाही येतो. महारवाड्यातली, मांगवाड्यातली आजी मात्र आमच्या वाचनात अजून आलेली नाही. ती काय उपाशी राहत होती? (बऱ्याचदा होतीच, पण ते वेगळे.)

लंडनमध्ये फर्गस हेंडरसन या शेफने 1994 साली 'सेंट जॉन' सुरू केले. जनावराचा नाकापासून शेपटापर्यंतचा प्रत्येक भाग खायचा, काही फेकायचे नाही, हा त्याचा विचार. 1999 मध्ये त्याचे पुस्तक आले आणि जगभरच्या शेफनी ते डोक्यावर घेतले. आमच्याकडे वजडी, मुंडी, खूर, रक्ती पिढ्यान् पिढ्या शिजत आली. मांसाच्या पट्ट्या दोरीवर उन्हात वाळवून केलेल्या चान्या पावसाळ्याची बेगमी होत्या. लंडनमध्ये जे तत्त्वज्ञान ठरले, त्याची आमच्या वस्तीत किळस केली गेली. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या अन्नाची सविस्तर नोंद केली. पुस्तक इंग्रजीत यायला 2024 उजाडले. इंग्रजीत आल्यावर मग खाद्यपत्रकारांना ते दिसले.

यावर तुम्ही म्हणाल, मग मेन्यूत एक 'दलित थाळी' ठेवा, प्रश्न मिटला. आमचा याला विरोध आहे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे आपल्या लोकांना बजावले. ज्या अन्नात सक्ती होती, गावकीची गुलामी होती, ते टाकून आपण माणूस म्हणून उभे राहिलो. म्हणूनच अनेक बौद्ध घरांत आजही हा विषय निघाला की वडीलधारी माणसे गप्प होतात. ते मौन आम्हाला समजते. ज्या आठवणीने आमची आजी मान खाली घालते, ती चांदीच्या वर्खासारखी कुणाच्या ताटात सजवायला आम्ही देणार नाही. शिवाय 2015 च्या कायद्याने महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे त्या स्वयंपाकातला मोठा भाग आता गुन्ह्याच्या कलमात बसतो. 'विस्मरणात गेलेले पदार्थ' शोधणाऱ्यांनी या विस्मरणाबद्दल चार ओळी लिहिल्याचे आम्ही पाहिले नाही.

आता जागेबद्दल. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या आणि त्यांच्या जमिनीवर मॉल, ऑफिसे, रेस्टॉरंटे आली, हे सगळे सांगतात. त्याआधीचे कमी लोक सांगतात. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण अस्पृश्य कामगाराला तिथे घेत नसत. कारण धोट्यातून धागा काढताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न रेटून धरला, तेव्हा कुठे कामगार पुढाऱ्यांनी तो मागण्यांत घेतला. उष्ट्याच्या विटाळावर ज्या गिरणगावात पगार ठरत होते, तिथे आज एका ताटात चौघांनी वाटून खाण्याची फॅशन आहे.

कुणी सांगेल, आता दारावर जात कोण विचारतो? खरे आहे. संविधानाच्या कलम 15(2) ने हॉटेलचे दार सर्वांना उघडले. पण दोघांच्या जेवणाचे बिल दहा हजारांच्या वर जाते, तिथे दार उघडे असून उपयोग काय? आणि पैसे जमले तरी कुठला काटा आधी उचलायचा, वेटरशी कसे बोलायचे, हे ज्यांना घरातून मिळते ते निवांत बसतात. बाकीचे चाचपडतात. पिअर बोर्द्यू हेच फ्रेंच समाजाबद्दल 1979 साली सांगून गेला: रुची ही निरागस नसते.

आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथली मुले हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करतात. नोकरी मिळते ती भांडी घासण्याची नाहीतर हाउसकीपिंगची. 'इंग्रजी कच्चे', 'व्यक्तिमत्त्व कमी पडते' ही ठरलेली कारणे. आडनाव कुणी काढत नाही, पत्ता मात्र विचारतात.

म्हणून आम्हाला गंगाराम कांबळे आठवतात. कोल्हापुरात सवर्णांनी मारहाण केलेल्या या महार माणसाला शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज आपली गाडी तिथे थांबवून चहा पिऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. चहा तोच होता जो सगळे पितात. फरक इतकाच की गल्ल्यावर गंगाराम बसले होते.

आज त्या गल्ल्याचे काय? 2016 साली सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या व महिला उद्योजकांसाठी 10 लाख ते 1 कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद होती. आमच्या वस्तीतला कुणी ते कर्ज घेऊन लोअर परळला हॉटेल काढायला गेला, तर मालक आधी डिपॉझिट मागेल, मग ओळख मागेल. नाचणी कुठल्या शेतातून आली हे मेन्यूत छापणाऱ्या मालकांना आमचा एकच प्रश्न आहे: तुमच्या किचनमध्ये हेड शेफच्या टोपीपर्यंत पोचलेली आमची किती मुले आहेत, आणि भागीदारीच्या कागदावर किती?