परदेशांतील कचेरी : पाटीच्या आधीं माणूस

आपला माल ज्या देशांत विकला जातो त्या देशांत आपली स्वतःची प्रतिनिधि-कचेरी असावी, असा विचार आमच्या द्राक्षबागाईतदार बंधूंत अलीकडे वारंवार बोलला जातो. विचार चांगला आहे व त्यास आमचा पाठिंबा आहे. परंतु लंडनला जागा कोणत्या भागांत घ्यावी, पाटी कशी असावी, उद्घाटनास कोणास बोलवावें, येथपर्यंत चर्चा होते; आणि त्या खुर्चीवर बसणारा माणूस कोण, व त्यास तेथें बसून काम करण्याचा कायदेशीर हक्क कसा मिळावयाचा, हा प्रश्न शेवटीं, चहा झाल्यावर, निघतो. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. महसूल खात्यांत आमचा जन्म कागद तपासण्यांत गेला; तेव्हां कागदाच्या बाजूनें चार शब्द लिहिण्यास हरकत नाहीं असें समजतों.

प्रथम गरज पाहूं. आपल्या द्राक्षांचा निर्यात-हंगाम मुख्यत्वें जानेवारी ते एप्रिल. न्हावाशेव्याहून निघालेला कंटेनर युरोपच्या बंदरास पोंचावयास तीन-चार आठवडे लागत. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि 2024 च्या हंगामांत जहाजें आफ्रिकेस वळसा घालून गेल्यामुळें त्यांत सुमारें दोन आठवड्यांची भर पडली. इतक्या दिवसांनीं पेटी उघडली कीं, देंठ सुकला आहे कां, मणी गळाले आहेत कां, हें पाहणारा व लिहून ठेवणारा माणूस बहुधा खरेदीदाराचा असतो. त्याच्या लेखावर भाव कापला जातो, आणि बागेच्या मालकाच्या हातीं येतें तें केवळ छायाचित्र. 2010 सालची गोष्ट पुष्कळांच्या स्मरणांत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश किलोस 0.05 मिलिग्रॅमहून अधिक सांपडला म्हणून युरोपांत आपला माल अडला. तें द्रव्य त्या वेळीं आपल्याकडील तपासणीच्या यादींतच नव्हतें. आपला पगारी माणूस तेथें असता तर सर्व नुकसान टळलें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण तिकडे काय तपासूं लागले आहेत याची वर्दी लवकर येण्याचा संभव तरी होता.

न्यूझीलंडच्या किवी-उत्पादकांनीं हें ओळखलें. 1988 सालीं त्यांचें विक्री-मंडळ स्थापन झालें. त्याच्या वारशानें चालणारी ‘झेस्प्री’ ही उत्पादकांच्या मालकीची कंपनी बेल्जममध्यें अँटवर्प येथें आपली कचेरी ठेवून आहे. आपल्याकडेहि 1991 सालीं अनेक सहकारी संस्थांनीं मिळून ‘महाग्रेप्स’ उभी केली. म्हणजे एकत्र येण्याची रीत आपणांस परकी नाहीं.

आतां कायदा पाहूं. ब्रिटनमध्यें पूर्वीं परदेशी कंपनीच्या एकट्या प्रतिनिधीसाठीं स्वतंत्र व्हिसा होता. प्रथम तीन वर्षें, पुढें दोन वर्षें, आणि पांच वर्षांनंतर कायम वास्तव्याचा अर्ज, अशी त्यांत सोय होती. 11 एप्रिल 2022 पासून तो नव्या अर्जदारांस बंद झाला व त्याच्या जागीं ‘यूके एक्स्पान्शन वर्कर’ हा मार्ग आला. यांत माणसाच्या आधीं कंपनीस तेथील गृहखात्याकडून पुरस्कर्त्याचा परवाना घ्यावा लागतो. कंपनी आपल्या देशांत साधारणपणें तीन वर्षें प्रत्यक्ष व्यापार करीत असावी. ब्रिटनमध्यें तिनें जागा भाड्यानें घेतलेली किंवा नोंदणी केलेली असावी. पण तेथील व्यापार अद्याप सुरू झालेला नसावा. जास्तींत जास्त पांच माणसें नेतां येतात. माणूस मात्र त्या कंपनीच्या नोकरींत बारा महिने असावा लागतो. फार मोठ्या पगाराच्या माणसास तेवढी ही अट नाहीं. मुक्काम प्रथम एक वर्ष, फार तर दोन, आणि त्यांतून कायम वास्तव्य मिळत नाहीं. हॉलंडमध्यें शाखा काढल्यास युरोपीय संघाच्या 2014 च्या निर्देशाप्रमाणें व्यवस्थापक व तज्ज्ञ यांची तीन वर्षांपर्यंत बदली होऊं शकते. तेथें आधींची नोकरी तीन महिन्यांची पुरते.

बारा महिन्यांच्या या अटींतच सर्व मर्म आहे. आज ज्याची नेमणूक झालेली नाहीं, तो येत्या हंगामास लंडनच्या खुर्चीवर बसूं शकत नाहीं. जागेचें भाडें मात्र त्याची वाट पाहत नाहीं.

मग पाहुण्याच्या व्हिसावर मुलास पाठवूं, असें कोणी म्हणतील. पाहुण्यानें बैठकींस जावें, करार बोलावा, माल पाहावा, इतकें ब्रिटनच्या कायद्यास मान्य आहे. कचेरींत बसून रोजचें काम करणें मान्य नाहीं. अर्जांत खोटें लिहिल्याचें ठरल्यास दहा वर्षें त्या देशाचें दार बंद होऊं शकतें. एका तरुणाच्या उमेदीचीं दहा वर्षें आपल्या घाईपायीं घालविण्याचा अधिकार कोणत्याहि संचालक मंडळास नाहीं.

खर्चाचें गणितहि आधीं मांडावें. ब्रिटनच्या या मार्गावरील पगाराची किमान मर्यादा 2022 मध्यें वर्षास 42,400 पौंड होती, ती जुलै 2025 मध्यें 52,500 पौंडांवर गेली. कंटेनर 13 टनांचा धरला, तर हंगामांत दहा कंटेनर पाठविणाऱ्या संस्थेवर या एका पगाराचा बोजा किलोमागें सुमारें 40 पेन्स पडेल. पन्नास कंटेनरांवर तो 8 पेन्स व शंभरांवर 4 पेन्स होईल. पहिला आंकडा कोणत्याहि बागेस झेपणारा नाहीं. यास्तव लहान संस्थांनीं वेगवेगळ्या पाट्या न लावतां एकत्र यावें. त्यासाठीं नवी कंपनी काढल्यास तीन वर्षांची अट आडवी येईल, म्हणून चालू कंपन्यांपैकीं एकच सर्वानुमतें पुढें करावी. पैसे पाठविण्याची अडचण वाटूं नये. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांप्रमाणें अशा कचेरीच्या प्रारंभिक खर्चास मागील दोन वर्षांच्या सरासरी विक्रीच्या 15 टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या 25 टक्के, यांपैकीं जें अधिक असेल तेवढें, व पुढें चालू खर्चास सरासरी विक्रीच्या 10 टक्क्यांपर्यंत बँकेमार्फत पाठवितां येतें.

म्हणून आमची सूचना अशी. शेतकीचा पदवीधर, इंग्रजी नीट बोलणारा, आणि छाटणीपासून पेटी भरण्यापर्यंतचें काम स्वतः केलेला तरुण यंदाच नेमावा. त्याची निवड गुणांवर व्हावी. संचालकाचा पुतण्या एवढी पात्रता पुरेशी मानूं नये. नेमणूकपत्र द्यावें, पगार दरमहा बँकेंतून द्यावा, भविष्यनिर्वाह निधि भरावा, हजेरी ठेवावी. नेमणूक नांवापुरती नसावी. एक पुरा हंगाम त्यानें पॅकहाउसांत व बंदरावर काढावा. त्याच हंगामांत थोड्या दिवसांसाठीं पाहुण्याच्या व्हिसावर जाऊन, त्या व्हिसाच्या मर्यादेंत राहून, त्यानें खरेदीदारांस भेटून यावें. बारा महिने भरत आले म्हणजे परवान्याच्या अर्जाची तयारी करावी. नियम व फी वरचेवर बदलतात. तेव्हां मध्यस्थाच्या तोंडाकडे न पाहतां त्या दिवसाचें मूळ सरकारी पत्रक वाचावें.

येत्या वार्षिक सभेंत कचेरीच्या जागेचा ठराव येण्यापूर्वीं या नेमणुकीचा ठराव मांडला जावा, अशी सर्व सभासद बंधूंस आमची विनंति आहे.