मोठी मोटर बॅटरी खाते का?

घरी सध्या इलेक्ट्रिक कारची चर्चा सुरू आहे. मी जास्त पॉवरचं मॉडेल दाखवलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, ‘‘एवढी मोठी मोटर? बॅटरी लगेच संपेल!’’ त्यांचं तरी काय चुकलं? आयुष्यभर पेट्रोल गाडी चालवली. जास्त सीसी म्हणजे कमी अ‍ॅव्हरेज, हे गणित डोक्यात पक्कं बसलंय. पण इथे ते तसंच्या तसं चालत नाही.

पेट्रोल इंजिन सिग्नलला उभं असतानाही पेट्रोल पितं. इलेक्ट्रिक मोटर थांबली की जवळपास काहीच घेत नाही. चालतानाही घेतलेल्या विजेपैकी साधारण 90 टक्के ती गाडी पळवायलाच वापरते. 2022 मध्ये आलेल्या टाटा टियागो ईव्हीत 45 आणि 55 किलोवॅट असे दोन पर्याय होते. सपाट रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरने जायला एवढ्या कारला साधारण 10 किलोवॅट पुरतात. उरलेली ताकद नुसती बसून असते, आणि बसलेली ताकद बॅटरी खात नाही.

मग रेंज खातं कोण? वजन, टायर आणि वेग. ताशी 80 वरून 100 वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त वाढतो. जास्त पॉवरच्या मॉडेलला बरेचदा जड बॅटरी, रुंद टायर, कधी दुसरी मोटरही येते. खरा फटका तिथे बसतो. उलट ब्रेक मारताना किंवा खंडाळ्याचा घाट उतरताना मोठी मोटर जास्त वेगाने वीज बॅटरीत परत भरू शकते.

म्हणून माझा राग मोटरवर नाही, जाहिरातींवर आहे. ‘0 ते 100 इतक्या सेकंदांत’ हे मोठ्या अक्षरांत! कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्या सेकंदांचं काय करायचं? आणि खरं सांगू, हाताशी पॉवर असली की आपल्या वयात पाय दाबला जातोच. बॅटरी संपवतो तो पाय.

आपल्यापैकी बहुतेक जण उद्याच कार घेणार नाहीत. पण घरात कोणती घ्यायची, यात आपलं मत चालतं. शोरूममध्ये गेलात तर सेकंद विचारू नका. एका युनिटमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, ते विचारा. लाइट बिलात असतं तेच युनिट. बाबांना हे अ‍ॅव्हरेज लगेच कळेल!