शुगर खानदानी, आणि डिप्रेशन?

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा फॉर्म दरवर्षी भरतो. घरात कुणाला डायबिटीस? आहे. बीपी? आहे. हार्ट? तेही आहे. डिप्रेशनचा प्रश्नच नाही! "आमच्याकडे शुगर खानदानी" हे आपण लग्न ठरवतानाही बिनधास्त सांगतो. मावशी चार महिने अंथरुणातून उठत नव्हती, हे मात्र "तिचा स्वभावच तसा" म्हणून मिटवून टाकतो.

आता गंमत बघा. डिप्रेशनही घराण्यातून येतं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांनुसार त्यातला अनुवंशिक वाटा साधारण ३७ टक्के. आणि त्याचा शुगरशी संबंध आहे. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली ब्रिटन आणि फिनलंडमधल्या लाखो लोकांचा जनुकीय डेटा तपासला. दोन्ही आजारांत सामायिक असे सात जनुकीय बदल सापडले. डिप्रेशनमुळे टाइप टू डायबिटीसचा धोका वाढतो, आणि त्यातला ३६.५ टक्के परिणाम लठ्ठपणातून येतो, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे "उदास माणूस खात सुटतो, म्हणून शुगर" एवढी सरळ गोष्ट नाही.

अर्थात हा डेटा युरोपियन वंशाच्या लोकांचा. आपल्याला तो जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एका ब्रिटिश सहकाऱ्यासोबतचा स्वतःचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी? याज्ञिकांची २१.२ टक्के, सहकाऱ्याची ९.१! त्यामुळे वजनकाट्यावर विसंबून आपलं भागणार नाही.

जीन्स म्हणजे नशीब नव्हे, हेही खरं. असे बदल पुष्कळ असतात आणि एकेकट्याचा परिणाम अगदी चिमूटभर. पण म्हणून विचारायचंच नाही का? माझं म्हणणं साधं आहे. शुगरच्या डॉक्टरांनी झोप कशी लागते, मन कशात रमतं का, हे विचारावं. मनाच्या डॉक्टरांनी शुगर तपासावी, कंबरेला टेप लावावी. आणि आपण दोन्ही आजार एकाच आवाजात सांगावेत. लाज बाळगायची तर दोन्हींची, नाहीतर कशाचीच नको.

असो. यंदा फॉर्मच्या समासात मी मावशीचं लिहून आलो. विचारलं नव्हतं, तरी.