पिशवी काढली, प्रश्न तसाच

पाळीत अंगावरून जास्त जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळी मागेपुढे होणे या तक्रारी कोणत्याही बाईला होऊ शकतात. ऐपतीच्या बाईला त्यावर औषध मिळते. बीडच्या ऊसतोड बाईची मात्र पिशवीच काढली जाते. हा फरक व्यवस्थेने केला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा जणींमागे एक!

असे का घडते? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच अंगावर. एक दिवस बुडाला की खाडा. मजुरी जाते, वर दंड बसतो. कोपीवर ना संडास, ना न्हाणी, ना पुरेसे पाणी. पाळीचे कापड वाळवायला आडोसा नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगात रक्तही कमी. दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि कर्ज काढून ऑपरेशन होते. ते फेडायला पुन्हा उचल!

यातल्या बहुतेक तक्रारी तपासणी आणि औषधांनी आटोक्यात येतात. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर ऐन तिशीत पाळी कायमची जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या तीन महिन्यांत लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना बजावले. पण कागदावरच्या सूचनेने फडातला खाडा चुकत नाही.

कामगार मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात मांडली होती. तेच तत्त्व पाळीच्या दिवसांना लावा, एवढेच आमचे मागणे आहे. खाड्याचा दंड बंद करा. पाळीत पगारी सुट्टी द्या. फडावर फिरता दवाखाना, संडास आणि पाणी ही कारखान्याची जबाबदारी ठरवा. हे कामगार आमचे नव्हेत, मुकादमाचे आहेत, ही कारखानदारांची पळवाट आता बंद झाली पाहिजे. ऊस यांच्या गाळपाला चालतो, तर तो तोडणारी बाई परकी कशी?

आणि आमच्या माय-बहिणींना सांगणे एकच : पिशवी काढा म्हटले की लगेच होकार देऊ नका. आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. तो तुमचा हक्क आहे.