पात्र अडवू नका, काठ फुकट देऊ नका



मागच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने मला पेचात पकडले. "भाऊ, अमेरिकेत शहरातले हौशी लोक होड्या घेऊन शेतकऱ्याच्या रानातून वाहणाऱ्या नदीत शिरतात. आपण तर मालमत्तेच्या हक्काची भाषा बोलतो. मग आपण जमीनमालकाच्या बाजूने नको का?"

माझे उत्तर असे : आधी विचारा, मालक कोण आणि मालकी कशाची?

मोंटाना हे तिकडचे कोरडवाहू गव्हाचे आणि गुराढोरांचे राज्य. तिथल्या १९७२ च्या राज्यघटनेने पाणी जनतेच्या वापरासाठी राज्याच्या मालकीचे ठरवले. १९८४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नदीचा तळ कुणाच्याही नावावर असो, पाण्यातून होडी नेणाऱ्याला अडवता येणार नाही. १९८५ साली कायदा झाला. त्याची रेघ मोजणीदाराशिवाय कळते. पाणी नेहमी जिथवर चढून माती आणि झाडोऱ्यावर खूण ठेवते, तिथवर लोकांना मोकळीक. त्यापलीकडे परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही. पुराचे पाणी रानात शिरले म्हणून रान नदी होत नाही. ओलितासाठी काढलेला पाटही खुला नाही. वाटेत कुंपण आडवे आले तर काठावरून वळसा घ्यावा, पण मालकाला कमीत कमी त्रास देऊन. आणि कुणा होडीवाल्याचा पाय मोडला, तर मालकाने मुद्दाम वा बेदरकारपणे काही केले नसेल तोवर भरपाई त्याच्या बोकांडी बसत नाही.

याच कायद्यात काही जादा तरतुदीही घुसल्या होत्या. रात्रीचा मुक्काम, मोठ्या जनावरांची शिकार आणि वळशाच्या वाटेचा खर्च मालकाच्या माथी! १९८७ साली न्यायालयाने त्या रद्द केल्या. योग्यच केले. पाण्यातून जाण्याचा हक्क म्हणजे काठावर बिऱ्हाड थाटण्याचा हक्क नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. बिटररूट खोऱ्यात मिचेल स्लू नावाचा नदीचा फाटा आहे. काठच्या धनिक जमीनमालकांना तिथले ट्राउट मासे आपल्यापुरते राखायचे होते. ते म्हणाले, हा नैसर्गिक प्रवाह नव्हेच, हा तर पाट! पाटाची सवलत दिली होती ओलित करणाऱ्यासाठी. तिच्याआड लपून यांनी लोकांना बाहेर ठेवले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा डाव उधळला. शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून शिकार करणारे तिकडेही आहेत, भावांनो.

त्याच देशातल्या कोलोरॅडोत उलटे झाले. १९७९ च्या निकालाने तळ खाजगी ठरला. पाण्यावर तरंगणाऱ्यांनी तळाला पाय लावला तर तो गुन्हा. यात काठच्या कष्टकरी शेतकऱ्याला काय मिळाले? भांडणे आणि कोर्टकचेरी!

आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २० सांगते की, ज्यांवर कुणाचा सिद्ध हक्क नाही अशी नद्या-नाल्यांची पात्रे आणि त्यांतले पाणी सरकारचे. हिमाचलात बियास नदीकाठी एका हॉटेलने स्वतःच्या बचावासाठी प्रवाहच वळवला. तेव्हा १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, सरकार नदीचे मालक नाही, जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव विकता येत नाही.

म्हणून उद्या आपल्या नदीवर नौकाविहार घेऊन कुणी आले, तर भांडायचे ते पात्रासाठी नव्हे, काठासाठी. आपल्या मागण्या तीनच. पाण्याच्या खुणेची रेघ आधी ठरवा. काठावरून वाट हवी असेल तर शेतकऱ्याची संमती घ्या आणि मोबदला द्या. पिकाची नासाडी झाली, तर भरपाई त्या धंद्यातून पैसा कमावणाऱ्याने भरावी.

नदी आपण कुणाला बंद करणार नाही. पण आपली पराटी तुडवून कुणी हौस भागवत असेल, तर तेही चालू देणार नाही.