नागरिकत्वाचा अर्ज तिनं स्वतः वाचावा

अमेरिकी नागरिकत्वाच्या मुलाखतीची तारीख आली की तिथल्या मराठी घरांत प्रश्नोत्तरांची उजळणी सुरू होते. मुलांना शाळेतून आणताना गाडीत, रात्री जेवणं आटोपल्यावर, नवरा विचारतो आणि बायको उत्तरं देते. सिनेटर किती, सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती, आपल्या राज्याचा गव्हर्नर कोण. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी ही परीक्षा वाढली आहे. आधी १०० प्रश्नांच्या यादीतले १० विचारत आणि ६ बरोबर आले की भागायचं. आता यादी १२८ प्रश्नांची आहे, अधिकारी २० पर्यंत प्रश्न विचारू शकतो आणि १२ बरोबर यावे लागतात. साहजिकच घोकंपट्टीही वाढली आहे.

ती करायलाच हवी. पण बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या परीक्षा देऊन गेलेली बाई १२८ उत्तरं पाठ करेलच. तिची खरी कसोटी लागते ती एन-४०० या अर्जावर, आणि तो अर्ज कित्येक घरांत तिनं भरलेलाच नसतो. नवऱ्याच्या लॅपटॉपवर, नवऱ्याच्या खात्यातून, नवऱ्याच्या आठवणीप्रमाणे तो भरला जातो. ती शेवटी सही करते. ही पद्धत मोडायला हवी.

कारण मुलाखतीच्या खोलीत ती एकटी असते. अधिकारी आधी उजवा हात वर करायला सांगून खरं बोलण्याची शपथ देतो. ग्रीन कार्ड, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स पाहतो. एक साधं वाक्य वाचायला लावतो, एक लिहायला लावतो. हल्ली ते बहुधा टॅब्लेटच्या काचेवर जाड पेननं लिहावं लागतं आणि आयुष्यभर कागदावर लिहिलेल्या हाताला ते अडखळत जमतं. मग नागरिकशास्त्राचे प्रश्न. आणि मग अर्ज, ओळीमागून ओळ. गेल्या काही वर्षांत कुठं राहिलात, कुठं नोकरी केली, कधी देशाबाहेर गेलात, कर भरलात का, कधी अटक झाली का, कायद्यानं सांगितलं तर देशासाठी शस्त्र हाती घ्याल का. या शेवटच्या प्रश्नाला पटकन ‘येस’ म्हणणाऱ्या बाईला अधिकारी ‘म्हणजे काय, ते सांगा’ असं विचारू शकतो. इंग्रजीची परीक्षा वाचन-लेखनापुरती नसते. अर्जातलं इंग्रजी समजतं का, हेही त्याच संभाषणातून जोखलं जातं. दुसऱ्यानं भरलेल्या अर्जाची तिथं परवड होते.

लग्नाच्या मार्गानं जाणाऱ्यांना कायद्यानं एक सवलत दिली आहे. एरवी ग्रीन कार्डानंतर ५ वर्षं थांबावं लागतं. अमेरिकी नागरिकाच्या पत्नीला किंवा पतीला ३ वर्षांनी अर्ज करता येतो आणि मुदत पुरी होण्याच्या ९० दिवस आधीही तो दाखल होतो. अट अशी की जोडीदार ती तिन्ही वर्षं नागरिक असला पाहिजे, दोघं एकत्र नांदत असले पाहिजेत आणि त्या काळातले निदान १८ महिने अर्जदार प्रत्यक्ष अमेरिकेत असली पाहिजे. एच-४ व्हिसावर गेलेल्या आणि नवऱ्याबरोबरच ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुसंख्य मराठी बायकांना ही सवलत सहसा लागू होत नाही, त्यांचा हिशेब ५ वर्षांचा. ज्यांचा नवरा लग्नाच्या वेळीच नागरिक होता, त्यांना ती लागू होते, आणि त्यांच्याच बाबतीत एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली जात नाही. शपथविधीआधी घटस्फोट झाला किंवा नवऱ्याचं निधन झालं, तर हा ३ वर्षांचा मार्ग बंद होतो.

बाईची स्वतंत्र मुलाखत होते, यामागं मोठा इतिहास आहे. १८५५च्या कायद्यानं अमेरिकी नागरिकाशी लग्न करणारी परदेशी स्त्री, ती त्या काळच्या वर्णभेदी निकषांत बसत असेल तर, आपोआप नागरिक होई. १९०७ साली उलटं टोक गाठलं गेलं: परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचं नागरिकत्वच जाऊ लागलं. १९२२च्या केबल कायद्यानं ही साखळी बऱ्याच अंशी तोडली आणि परदेशी पत्नीला स्वतःच्या नावानं अर्ज करणं भाग पडलं. तरीही नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलेल्या वंशाच्या पुरुषाशी, म्हणजे भारतीयाशीही, लग्न केलेल्या अमेरिकी स्त्रीचं नागरिकत्व पुढची काही वर्षं जातच राहिलं.

भारतीय अपात्र ठरले ते १९२३ साली, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात. सर्वोच्च न्यायालयात थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. त्यांना स्वतःला १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालं होतं. थिंड निकालानंतर सरकारनं पंडितांचंही नागरिकत्व रद्द करण्यासाठी दावा लावला. त्यांची पत्नी गोरी अमेरिकी. नवऱ्याचं नागरिकत्व मागल्या तारखेनं पुसलं गेलं असतं, तर लग्नामुळं तिचंही गेलं असतं, आणि पंडितांनी हा मुद्दा न्यायालयापुढं ठेवला. १९२६ साली अपील न्यायालयात ते जिंकले, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरकारची याचिका ऐकायला नकार दिला. बाकीच्या भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्यानं. नवऱ्याच्या कागदाला बायकोचं भवितव्य बांधलेलं असलं की काय होतं, हे या प्रकरणात स्पष्ट दिसतं. आज कायदा तिला स्वतंत्र माणूस म्हणून बोलावतो, तेव्हा घरानं तिला नवऱ्याच्या फायलीत ठेवू नये.

आता अर्जातल्या त्या जागा, जिथं मराठी घरांतल्या बायका अडखळण्याचा संभव अधिक.

पहिली म्हणजे नाव. आपल्याकडं लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवरा येतो. अनेकींचं पहिलं नावही लग्नात बदललेलं असतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. अर्जात आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात आणि ती सगळी लिहायची असतात. जन्मतारखेचंही तेच. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली १ जून ही तारीख महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीच्या पासपोर्टवर आहे आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत वेगळीच. अधिकाऱ्याला महाराष्ट्रातली ही पद्धत ठाऊक नसते. ती सांगता यायला हवी आणि जोडीला कागद हवा. ज्यांना माहेरचं नाव परत हवं असेल त्यांच्यासाठी एक चांगली सोय आहे. अर्जातच नावबदल मागता येतो आणि शपथविधी न्यायाधीशासमोर होणार असेल तर तो तिथं मंजूर होतो.

दुसरी जागा प्रवासाची. देशाबाहेर २४ तासांहून अधिक काळ गेल्याची प्रत्येक तारीख अर्जात लागते. दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीनं काही बिघडत नाही. बिघडतं बाळंतपणाला माहेरी आल्यावर, किंवा वडिलांच्या आजारपणात सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मुक्काम लांबल्यावर. एका फेरीत ६ महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलं, की सलग वास्तव्य खंडित झालं असं कायदा गृहीत धरतो. ते खोडून काढता येतं: घराचा भाडेकरार चालू होता, नोकरीवर रजा टाकली होती, नवरा तिथंच होता. पण पुरावे तिलाच न्यावे लागतात. वर्ष उलटलं तर मात्र ते जवळपास अशक्य होतं. आजारी आईजवळ थांबणाऱ्या लेकीला हा नियम कुणी आधी सांगितला, तर मधे एक फेरी मारून यायचं की नाही हे तिला ठरवता येईल.

तिसरी जागा सर्वांत धोक्याची आणि सर्वांत निरुपद्रवी दिसणारी. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात मतदार नोंदणीचा रकाना समोर येतो. घाईत खूण केली, की नागरिक नसताना मतदार म्हणून नाव लागतं. एन-४०० मध्ये मतदार नोंदणी केली का, मत दिलं का, स्वतःला नागरिक म्हणवलं का, असे प्रश्न आहेत. खोटा नागरिकत्वाचा दावा हद्दपारीपर्यंत नेऊ शकतो. अशी खूण झाल्याचा नुसता संशय असला, तरी अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं. सगळं कुटुंब सल्ला द्यायला बसलं तरी इथं तो पुरत नाही.

आणि चौथी जागा विवाहाची. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला २ वर्षं झालेली नसतील तर कार्ड २ वर्षांचं, सशर्त असतं. त्याची मुदत संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ही अट काढून घेण्याचा आय-७५१ हा अर्ज भरायचा. तो प्रलंबित असताना नागरिकत्वाची मुलाखत आली, तर दोन्ही प्रकरणं एकत्र ऐकली जातात आणि नवऱ्यालाही बोलावतात. संयुक्त बँक खातं, भाडेकरार, आयआरएस या करखात्याकडून मिळणारे करविवरणाचे उतारे, मुलांचे जन्मदाखले हे सगळं मागितलं जातं. संयुक्त करविवरणावर न वाचता सही करणाऱ्या बाईला त्यातलं स्वतःचं उत्पन्न किती, हे निदान त्या दिवशी तरी माहीत असावं.

कागद नवऱ्याच्या ताब्यात असण्याचा अर्थ काही घरांत भयंकर असतो. ‘सही करणार नाही, मग जा परत’ ही धमकी देणारे नवरे आपल्यातही आहेत, आणि हे मान्य करायला मराठी मंडळांनी आता लाजू नये. कायद्यानं अशा बाईला वाऱ्यावर सोडलेलं नाही. घटस्फोट झाला असेल किंवा छळ होत असेल, तर नवऱ्याच्या सहीशिवाय एकटीला आय-७५१ भरता येतो. छळ झालेली पत्नी म्हणून ज्यांना ग्रीन कार्ड मिळालं, त्यांना नवऱ्याबरोबर राहत नसतानाही ३ वर्षांनी नागरिकत्व मागता येतं. न्यू जर्सीत १९८५ पासून ‘मानवी’ ही संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांच्या पाठीशी उभी आहे. हे पुण्या-नाशिकच्या आईवडिलांनाही माहीत असलं पाहिजे, कारण रडणारा पहिला फोन त्यांनाच येतो.

अर्ज करायचा की नाही, हा निर्णयही तिचाच असायला हवा. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्डानं येणं-जाणं सोपं होतं, पण भारतात मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसानं मिळू शकते. ज्या लेकीचं नाव अजून सातबाऱ्यावर चढायचं आहे, तिनं भावाशी आणि तलाठ्याशी बोलून कागद मार्गी लावावेत. सासरच्या घरात सगळ्यांनी घेतलं म्हणून हिनंही घ्यावं, एवढं कारण देश बदलायला पुरत नाही. ग्रीन कार्डावर राहूनही आयुष्य सन्मानानं काढता येतं.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी गणपती आणि दिवाळीच्या कार्यक्रमांइतक्याच जोमानं एक काम हाती घ्यावं: अर्जवाचनाचे वर्ग. प्रश्नमंजुषा पुष्कळ आहेत, सार्वजनिक ग्रंथालयांत मोफत वर्गही भरतात. कमी आहे ती अशी जागा, जिथं बाई आपला अर्ज घेऊन बसेल, अनोळखी माणूस इंग्रजीत तो तिला ओळीनं विचारेल आणि नवरा दाराबाहेर असेल. पहिल्या मुलाखतीत इंग्रजी किंवा नागरिकशास्त्रात राहिली तर ६० ते ९० दिवसांत राहिलेल्या भागाची आणखी एक संधी मिळते, हेही तिथं सांगावं. भीती निम्मी होते.

मुलाखत पार पडली म्हणजे नागरिक झालो, असंही नाही. ते शपथेनंतर. शपथविधीच्या दिवशी ग्रीन कार्ड परत द्यायचं आणि मिळालेल्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग व जन्मतारीख तिथल्या तिथं तपासायची. त्यानंतर अमेरिकी पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला, मग ओसीआय. जुन्या भारतीय पासपोर्टवर त्यानंतर प्रवास करणं गुन्हा आहे, म्हणून भाच्याच्या मुंजीची तिकिटं हे सगळं हाती आल्यावरच काढावीत.