निकालपत्रात न मावणारे घर

१९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरी मुंबईच्या पदपथावरील झोपड्या हटविण्यास मुभा दिलीच. त्याच वर्षी आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' हा माहितीपट आला. कागदावर 'अतिक्रमण' ठरलेली माणसे तिथे आई, बाप, शेजारी म्हणून बोलतात. त्यातली एक बाई चित्रण करणाऱ्यांनाच जाब विचारते : यातून आमचे काय भले होणार?

हा सवाल आम्हा वकिलांनाही लागू आहे. आमच्या फाइलीत रेशनकार्ड असते, शेजार नसतो. म्हणून वस्तीतल्या तरुणांनो, परक्या कॅमेऱ्याची वाट पाहू नका. बुलडोझर येण्याआधी आजीला बोलते करा, दहा मिनिटांचा माहितीपट बनवा, विहारात दाखवा. १९२० साली 'मूकनायक' काढून बाबासाहेबांनी हेच शिकविले : आपली कैफियत आपणच मांडावी!